सोळा नंबरचा त्रिकोण

११ जुलै

मशीन आलं एकदाचं. महापेच्या लॅबमधून विपुलने ते दोन गाद्यांच्या मध्ये निजवून टेम्पोत घातलं होतं, त्यामुळे ते माझ्यापेक्षा आरामात मुरुडला पोचलं. लॅब बंगळुरूला गेली, आम्ही दोघं गेलो नाही. विपुलने वाशीत दुसरी नोकरी धरली आणि मी जुन्या सामानाच्या लिलावात हा नेटवर्क अ‍ॅनालायझर धरला. आईला वाटतं की कंपनीने मला तो निरोपाची भेट म्हणून दिला. वाटू दे.

वडिलांनी (ज्यांना अख्खं घर दादा म्हणतं, आईसकट) टेम्पोवाल्याला चहा दिला, मशीन चारी बाजूंनी बघितलं आणि विचारलं, "हे नक्की काय दाखवतं?"

"अँटेना चांगली आहे की वाईट, ते."

"आणि अँटेना नसेल तेव्हा?"

"तेव्हा काही नाही."

"बरं," म्हणाले आणि वाडीत निघून गेले. दादांच्या या 'बरं'चा अर्थ मला अजून लागलेला नाही. बहुधा नापसंतीच.

१३ जुलै, रविवार

मशीन आमच्या लॉजच्या तीन नंबरच्या खोलीत ठेवलंय. मीही तिथेच झोपते. सकाळी पुण्याच्या एका काकांनी दार उघडून मशीनकडे बघितलं आणि "इथला टीव्ही फारच छोटा आहे हो," असं म्हणून ते दोन नंबरमध्ये राहिले.

दुपारी आणखी एक जोडपं आलं. दादांनी त्यांना सांगितलं की तीनचं छत गळतं. छत अजिबात गळत नाही! एवढा पाऊस पडला, थेंब नाही आला. दादांना हल्ली विसर पडायला लागलाय, आईच्या कानावर घालायला हवं.

१५ जुलै

आगरदांड्याला जाऊन आले. जेट्टीवरच मच्छीमार सोसायटीचं ऑफिस आहे. बाहेरच्या टेबलावर सुचिताताई बसतात. त्या सोसायटीच्या सेक्रेटरीही आहेत आणि होड्या समुद्रात गेल्या की किनाऱ्यावरचा वायरलेसही त्याच सांभाळतात. आत चेअरमन, बाळाजी नाखवा. त्यांचा आवाज इतका मोठा आहे की त्यांना वायरलेसची गरज का पडावी हाच प्रश्न आहे.

मी माझं म्हणणं मांडलं. प्रत्येक होडीवर वायरलेस असतो, केबिनवर त्याची पांढरी काठी असते, तीच अँटेना. खाऱ्या हवेत तिचे सांधे खराब होतात आणि ते कळतं कधी, तर संकटात हाक मारल्यावर. सध्या मासेमारीला पावसाळी बंदी आहे, होड्या किनाऱ्याला आहेत. सीझन सुरू व्हायच्या आत मी सगळ्या तपासून देते. पास झालेल्या प्रत्येक होडीवर माझ्या नावाचा हिरवा स्टिकर.

"आनि तुझी मशीन चुकली तर?" नाखवा म्हणाले.

"मशीन चुकत नाही." (वाक्य जरा जोरात झालं. पण छान वाटलं.)

"बग हां पोरी. तुझं नाव लागलं की मंग आमी तुझ्या नावावर भायेर जातो. आत काय बिघडलंय ते आमाला दिसत न्हाय."

सुचिताताई बाहेरून सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या, "सुरवात आमच्या होडीपासून कर गो. घरचीच हाय."

काम मिळालं! येताना एसटीत मी एकटीच हसत होते, तर शेजारच्या बाई सरकून बसल्या.

१६ जुलै

पहिली होडी: 'जयलक्ष्मी', सुचिताताईंचे यजमान दत्तात्रेय यांची. दत्तात्रेयभाऊ फारच कमी बोलतात. मी काम करत असताना ते जाळं विणत बसले होते आणि एकदाच म्हणाले, "चालूंदे."

मशीन काय करतं ते मी त्यांना अगदी सोपं करून सांगितलं, ते इथेही लिहून ठेवते, कारण मला ते फार आवडलं. वायरलेस अँटेनात ताकद ढकलतो. अँटेना चांगली असेल तर ती सगळी हवेत जाते, वाईट असेल तर परत येते. मशीन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या सगळ्या फ्रिक्वेन्सी ढकलून बघतं आणि प्रत्येक ठिकाणी किती परत आलं त्याची एक रेघ काढतं. जिथे काहीच परत येत नाही, तिथे रेघेला खड्डा पडतो. हा खड्डा १५६.८ मेगाहर्ट्झवर पडायला हवा. तो सोळा नंबरचा चॅनेल. समुद्रातली प्रत्येक हाक आधी तिथे मारतात आणि सगळे तिथेच कान देऊन असतात.

रेघेवर एक छोटा त्रिकोण असतो, त्याला मार्कर म्हणतात. तो रेघेवर जिथे ठेवू तिथले दोन आकडे तो सांगतो: आपण कुठे आहोत, आणि तिथे रेघ किती खोल आहे. उणे दहाच्या खाली गेलं की पास. जयलक्ष्मीचा खड्डा बरोबर सोळा नंबरवर, आणि उणे बावीस! स्वप्नातसुद्धा इतकी सुंदर रेघ दिसत नाही. मी ती मशीनमध्ये साठवून ठेवली.

मग मार्करचं एक बटण दाबलं, म्हणजे पुढच्या होड्यांना वेळ लागायला नको. आता तो आपणहून धावत जाऊन सगळ्यात खोल जागेवर बसतो. मी फक्त खोली वाचायची. लॅबमध्ये आम्ही असंच करायचो. तिथे अर्थात सगळं एकाच साच्यातून आलेलं असायचं.

२२ जुलै

पाऊस. माणगावला जाऊन स्टिकर छापून आणले. गोल, हिरवे, मध्ये पांढरा त्रिकोण, खाली 'तपासले – मैथिली'. छापणाऱ्याने विचारलं, दुधाची डेअरी आहे का.

३० जुलै

आगरदांड्याला होड्या रंगवणं चालू आहे. नारळी पौर्णिमेच्या आत होडीवरची प्रत्येक गोष्ट रंगली पाहिजे, उघडं काही ठेवायचं नाही, असा इथला रिवाज आहे. खिळासुद्धा सोडत नाहीत. एकदा पूजा झाली की शिमग्यापर्यंत त्या रंगाला पातं लावायचं नाही. नाखवांनी यंदा सगळ्यांसाठी एकदम चंदेरी रंग आणलाय, डबेच्या डबे. डोलकाठ्या चंदेरी, केबिनच्या कडा चंदेरी, अँटेनासुद्धा चंदेरी. मला म्हणाले, "काय, कशी दिसतांन?" मी म्हटलं, नव्या नवरीसारख्या. खूश झाले.

खरंच सुंदर दिसतात. फोटो काढून विपुलला पाठवला.

२ ऑगस्ट

कामाचा धडाका. होडीवर चढायचं, केबल काढायची, मशीनला लावायची, त्रिकोण धावत जाऊन खड्ड्यात बसतो, उणे एकोणीस, स्टिकर, उतरायचं. उणे चोवीस, स्टिकर, उतरायचं. एकही होडी नापास नाही! मला वाटलं होतं निम्म्या तरी होतील. इथल्या लोकांनी अँटेना किती जपल्या आहेत. नाखवांना तसं म्हटलं, तर म्हणाले, "मंग तुझी गरज काय व्हती?" त्यांचा विनोद असाच असतो.

५ ऑगस्ट

संपल्या सगळ्या. खाडीत उभं राहिलं की ओळीने माझे हिरवे ठिपके दिसतात. कॉलर ताठ करून घरी आले. आईने विचारलं, "अगो, पण एकही खराब निघाली नाही, असं कसं?" मी म्हटलं, आई, तुला यातलं काय कळतं. हे म्हणायला नको होतं. पोहे मात्र तिने तरीही केले.

८ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

सोसायटीच्या मिरवणुकीत मला पुढे उभं केलं. सुचिताताईंनी त्यांची ठेवणीतली हिरवी साडी मला नेसवली, नाकात नथ अडकवली. सोनेरी कागदातला नारळ नाखवांनी समुद्राला दिला आणि त्यांच्या त्या आवाजात सांगितलं, "यंदा आमची समद्यांची हाक तपासून घेतलेली हाय!" सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी इतकी फुगले होते की नथ निसटली.

दादा आले होते. मागे उभे होते, गर्दीत. मी बघितल्यावर घड्याळ बघू लागले. कंटाळले असणार.

११ ऑगस्ट

होड्या सध्या सकाळी जाऊन संध्याकाळी परत येतात. मोठ्या फेऱ्या चौदापासून.

सुचिताताईंनी आज बोलावून घेतलं. म्हणाल्या, "मैथिली, किल्ल्याच्या पल्याड गेली की होडी बोलतच न्हाय गो. बोलली तं खरखर. गेल्या वर्सी असं नव्हतं."

मी सांगितलं, हवेचं असतं. या दिवसांत वातावरण विचित्र असतं. शिवाय तुमचा सेट जुना आहे.

"आमचे ते काल चार वेळा बोलले म्हनतांन. मना एकदाबी ऐकू आलं न्हाय. जेवन गार झालं त्यांचं."

आता दत्तात्रेयभाऊ मुळात बोलतात किती! चार वेळा बोलले म्हणे. मी हसून सोडून दिलं. नवऱ्याचं बोलणं बायकोला ऐकू आलं नाही, तर त्याला अँटेना काय करणार?

१२ ऑगस्ट

आज सकाळी उठले ती सुचिताताईंना खोटं पाडायच्या तयारीने. (असं मी त्यांना म्हणाले नाही, पण डायरीत काय लपवायचं.) ठरवलं की जयलक्ष्मीची ताजी रेघ काढायची, मोठ्या कागदावर छापायची आणि ऑफिसच्या भिंतीवर लावायची. म्हणजे ज्याला शंका असेल त्याने बघावं.

होडीवर चढले, केबल लावली. त्रिकोण धावत गेला, उणे तेवीस. वा! पण भिंतीवर लावायचं तर चित्र जरा भरलेलं दिसायला हवं, म्हणून म्हटलं दुसरा मार्कर पण लावू, बरोबर सोळा नंबरवर. दोन त्रिकोण खड्ड्यात एकमेकांना चिकटून बसतील, गोजिरे दिसतील.

दुसरा त्रिकोण खड्ड्यात गेलाच नाही. तो वर, रेघेच्या चढावर जाऊन उभा राहिला. उणे तीन.

मी आधी केबल बदलली. मग मशीन बंद करून चालू केलं. मग मार्कर काढून पुन्हा लावला. मग पहिल्या त्रिकोणाचा पहिला आकडा वाचला, जो मी सोळा जुलैपासून एकदाही वाचलेला नाही. एकशे त्रेचाळीस. खड्डा खोल होता, सुंदर होता, आणि भलत्याच जागी होता. जुलैत साठवलेली रेघ काढून शेजारी ठेवली. तोच खड्डा, तेव्हा बरोबर सोळा नंबरवर. मधे काय झालं? अँटेना माझ्या डोळ्यांसमोर उन्हात चमकत होती. चंदेरी रंग म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची भुकटी. काठीवर धातूचा पापुद्रा चढवल्यावर ती आपली जागा सोडणारच. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या पोरालाही हे कळतं.

उणे तीन म्हणजे निम्मी ताकद परत. आणि ती परत येते म्हणून सेट बिचारा स्वतःला जपायला आणखीच हळू बोलतो. दत्तात्रेयभाऊ चार वेळा बोलले होते. खरंच बोलले होते.

आणखी होड्यांवर चढून बघितलं. सगळीकडे तेच. आणि सगळ्यांवर माझं नाव.

केबल गुंडाळून खाली उतरले. सुचिताताईंनी विचारलं, "झालं का चित्र?" मी म्हटलं, "शाई संपली."

१३ ऑगस्ट

रात्रभर उपाय शोधले. सकाळी विपुलला फोन केला. तो म्हणाला, "अरे यार, टेन्शन कशाला घेतेस? रंग त्यांनी लावला ना? सिंपल. बोल, रंगामुळे झालं. तुझ्या स्कोपमध्येच नाय येत ते." ऐकायला इतकं गोड वाटलं की मी ते दोनदा म्हणायला लावलं. पण एक जयलक्ष्मी सोडली तर सगळ्या होड्या मी रंग लागल्यावरच तपासल्या होत्या. स्टिकर त्याच्यावर चिकटवला होता.

मग माझी स्वतःची युक्ती काढली. सोसायटीत जाऊन हसतमुखाने जाहीर करायचं: सीझन स्पेशल, सगळ्या होड्यांची दुसरी तपासणी, मोफत! तपासता तपासता गुपचूप दुरुस्त करून टाकू. कुणाला काही कळायचं कारण नाही.

दुपारी गेले. होड्या बर्फ भरत होत्या, पहाटे मोठ्या फेरीला निघणार होत्या. नाखवांना मोफत तपासणी सांगितली. ते इतके खूश झाले की माझ्या डोक्यावर हात ठेवला. "गुनाची पोर. गनपती झाले की कर. आता कोन थांबतंय?"

"आज केली तर?"

"चांगली हाय ना समद्यांची? तूच बोललीस. मंग घाई कसली?"

आणि ते बर्फाच्या गाडीकडे वळले. मी तिथेच उभी. एका होडीवर चहा चालला होता, दुसरीवर कुणीतरी माझ्या स्टिकरवरचा चिखल बोटाने पुसत होतं. अंगठ्याने, अगदी निगुतीने. तेवढं बघितलं आणि माझ्याच्याने राहवेना.

मी ओरडले, "नाखवा, माझे स्टिकर चुकीचे आहेत!"

नाखवा वळले. "कनच्या होडीचा?"

"सगळ्यांचे."

जेट्टीवर बर्फ फोडणाऱ्याचा हातही थांबला. मी भराभर बोलत सुटले. की खड्डा किती खोल आहे ते मी बघितलं, कुठे आहे ते बघितलंच नाही. की किल्ल्याच्या पलीकडून हाक मारलीत तर ती इथे पोचणार नाही. की अशा अँटेना घेऊन लांब जाऊ नका. रंगाचंही सांगितलं, पण शेवटी, आणि हळू आवाजात.

"म्हंजी तू सोताहून सांगतंस की तू चुकलीस?"

"हो."

"आनि मोफत तपासनी काय व्हती मघाशी?"

"ते खोटं होतं."

मग नाखवा जे बोलले ते सगळं मी लिहीत नाही. बर्फ भरलाय, डिझेल भरलंय, माणसं घरून निघालीत. "बर्फ तुझ्या मशीनीत ठेवू?" हे त्यातलं सगळ्यात सौम्य. मी मान खाली घालून ऐकलं. कुणीतरी मागून म्हणालं की रंग सोसायटीनेच आणला होता. नाखवा तिकडे वळले. मग म्हणाले, "रंग माझा. मीच आनला. सस्तात भेटला." आणि ऑफिसात जाऊन बसले.

होड्या निघणार की थांबणार, ते कळलंच नाही. शेवटच्या एसटीने घरी आले. दादांना सगळं सांगितलं. "बरं," म्हणाले.

१४ ऑगस्ट

होड्या थांबल्या! पहाटेच आगरदांड्याला गेले, तर सगळ्या जागेवर.

पण नवा घोळ. रंग काढायचा कसा? पूजा झालेल्या होडीला पातं लावायचं नाही. होड्या चालवणारे म्हातारे तांडेल ठाम होते, आणि नाखवा त्यांच्याहून ठाम. "होडी नटवून दर्याच्या पाया पडून आनली. आता तिचा रंग खरवडायचा? माझ्या हयातीत न्हाय." मी फ्रिक्वेन्सी समजावून सांगायला लागले, तर एका आजोबांनी मला शांतपणे चहा दिला, म्हणजे गप्प बस.

सुचिताताई त्यांच्या टेबलाशी बसून ऐकत होत्या. त्या उठल्या, जयलक्ष्मीवर चढल्या, अँटेनाचा खालचा नट फिरवला आणि काठी खांद्यावर टाकून जेट्टीवर उतरल्या.

"ही काय आता होडी हाय?" त्यांनी विचारलं.

मग त्यांनी काठी खाली जमिनीवर ठेवली.

"ही काठी हाय. जमिनीवर हाय. होडीला मी पातं लावलं न्हाय. आता हिला घासा न्हायतर चुलीत घाला." मग नाखवांकडे बघून म्हणाल्या, "वायरलेसवर मी बसतो, नाखवा. तुमी हाक मारल्यावर ऐकू आली न्हाय, तं घरी जाऊन तुमच्या बायकोला काय सांगू? रंग चांगला व्हता?"

नाखवांनी आजोबांकडे बघितलं, आजोबांनी खाडीकडे. मग नाखवा म्हणाले, "आमच्या होडीची कोन काढतंय?"

जेट्टीवर सारखा पाऊस आणि लाटांचं पाणी. काठ्या घासून सुकवायला जागा हवी, आणि तपासायला मोकळं अंगण. मी काही विचार न करता बोलून गेले, "आमच्या लॉजवर आणा." बोलल्यावर आठवलं की पंधरा ऑगस्टची सलग सुट्टी आहे आणि सगळ्या खोल्या महिन्यापूर्वीच भरल्या आहेत. वर्षातला सगळ्यात मोठा आठवडा. दादांना काय सांगायचं ते घोकतच घरी आले.

नशीब बघा! दादा म्हणाले, सगळ्या पाहुण्यांनी रद्द केलं. पावसाला घाबरले म्हणे.

१५ ऑगस्ट

लख्ख ऊन. पर्यटकांचं काही कळत नाही, मुरुडचा रस्ता गाड्यांनी भरलाय आणि आमच्याकडचेच नेमके पावसाला घाबरले.

चारी खोल्यांत, व्हरांड्यात, पलंगांवर, सगळीकडे चंदेरी काठ्या. सुचिताताई बायकांना घेऊन आल्या. थिनरची बादली, चिंध्या आणि नारळाचा काथ्या. आईने काथ्याची पोती काढून दिली आणि नाकाला पदर लावून स्वतःही घासायला बसली. तिला खरं तर वासाने डोकं धरतं. रंग काही सहज निघत नाही. पण निघाल्यावर खालून पांढरी काठी दिसते तेव्हा फार बरं वाटतं.

अंगणात मोकळ्या जागी बांबू रोवून मी एकेक काठी त्यावर चढवून तपासते आहे. धावणारा मार्कर बंद करून टाकला. आता मी त्रिकोण स्वतःच्या हाताने सोळा नंबरवर ठेवते आणि तो तिथून हलत नाही. आधी कुठे ते मोठ्याने वाचते, मग किती. सुचिताताई ऐकून मान हलवतात. चार काठ्या खरोखरच नापास झाल्या, सांधे गंजलेले. म्हणजे आईचा प्रश्न बरोबर होता. तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "घास."

दादा दिवसभर फोन घेऊन वाडीच्या टोकाला जात होते आणि हात जोडल्यासारखे बोलत होते. सुपारीच्या व्यापाऱ्याशी काहीतरी बिनसलेलं दिसतंय. मध्येच येऊन त्यांनी विचारलं, "अजून जागा लागणार आहे का? आमची खोली आहे."

१६ ऑगस्ट

हात सोलले. आईने खोबरेल लावून दिलं. झाल्या सगळ्या.

१७ ऑगस्ट

काठ्या टेम्पोने आगरदांड्याला नेल्या आणि होड्यांवर चढवल्या. जुने स्टिकर मी स्वतः नखाने काढले. नवे लावायला गेले तर नाखवांनी हात आडवा केला. "ऱ्हाऊंदे. आधी ऐकू येऊंदे, मंग चिकटव."

बरोबरच आहे त्यांचं. पण वाईट वाटलं. पुढच्या वर्षी मला बोलावतील का, ते विचारायची हिंमत झाली नाही.

संध्याकाळी होड्या गेल्या. सगळ्या चंदेरी, आणि वर पांढऱ्या काठ्या. विचित्र दिसत होत्या.

२० ऑगस्ट

रोज जाऊन सुचिताताईंच्या शेजारी बसते. होड्या बोलतात, पण सगळे इतकं कमी बोलतात! "जयलक्ष्मी, ठीक." बस. एवढ्यावरून मला काय कळणार? सुचिताताई म्हणतात, ठीक म्हनला म्हंजी ठीक. नाखवा सगळ्यांहून लांब गेलेत आणि काल सकाळपासून बोललेच नाहीत. रागावलेत म्हणून की ऐकू येत नाही म्हणून? जेवण जात नाही.

२१ ऑगस्ट

दुपारी सुचिताताई मला शेंगदाण्याचा लाडू देत होत्या, तेवढ्यात सेट खरखरला आणि मग एकदम मोकळा झाला.

"आगरदांडा, आगरदांडा, बाळाजी बोलतो."

सुचिताताईंनी लाडू टाकून माईक उचलला. "बोला नाखवा."

"इंजिनाचा पट्टा तुटलाय. दुसरा व्हता तो बी गेला. लाटेवर हाय. वारा वाढतोय. दत्तूला सांग, पट्टा घेऊन ये, न्हायतर ओढून ने." मग जागा सांगितली. सुचिताताईंनी भिंतीवरच्या नकाशात बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. किल्ला तर कुठल्या कुठे मागे राहिला होता. इतक्या लांबून इथे आजवर कुणीच बोललेलं नाही, असं त्या नंतर म्हणाल्या.

त्यांनी दत्तात्रेयभाऊंना हाक मारली. ते म्हणाले, "निगालो." तेही स्पष्ट.

"नाखवा, निगाले ते. अंधाराच्या आत पोचतांन. समदी बरी हायत ना?"

"बरी हायत. पन ह्या इंजिनाच्या..." आणि नाखवा सुटले. आधी इंजिनाला, मग पट्टा विकणाऱ्याला, मग त्याच्या खानदानाला, मग रंगाला, मग वाया गेलेल्या बर्फाला. मग म्हणाले, "आनि ती कुठं हाय मैथिली? बसली आसंल तिथं लाडू खात! तिला सांग..." आणि पुढे मला. माझ्या शिक्षणाला, माझ्या मशीनला, माझ्या त्रिकोणाला. अशा शिव्या मी जन्मात ऐकल्या नव्हत्या.

सुचिताताईंचा चेहरा लाल झाला. "अवो नाखवा, बाया ऐकतांन हतं!" त्या माईकवर म्हणाल्या आणि आवाज बारीक करायला बटणाकडे हात नेला.

मी त्यांचा हात धरला. मला रडू फुटलं होतं आणि मी हसतही होते. "असू दे ताई," मी म्हटलं. "मोठा करा." त्यांनी मोठा केला. नाखवा तेवढ्या समुद्रातून मला शिव्या देत होते आणि त्यांतलं एक अक्षरसुद्धा गळत नव्हतं.